सेकंड-हँड आलिशान गाडी घेताना इंजिन, गिअरबॉक्स आणि नोंदी कशा तपासाव्यात

सारथी_पुणे

नव्या छोट्या एसयूव्हीच्या किमतीत सात-आठ वर्षे वापरलेली जर्मन सेदान मिळू लागल्यापासून ‘अमुक कंपनीची जुनी गाडी घेऊ का?’ हा प्रश्न वारंवार कानावर येतो. माझ्या मते हा प्रश्न अपुरा आहे. एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या दोन गाड्यांत इंजिन आणि गिअरबॉक्स वेगवेगळे असू शकतात. त्यांतली एक दीड लाख किलोमीटर विनातक्रार चालते आणि दुसरीचे इंजिन त्याच्या निम्म्या अंतरावर खाली उतरवावे लागते. त्यामुळे जाहिरात पाहिल्यावर सर्वप्रथम इंजिनाचा सांकेतिक क्रमांक, गिअरबॉक्सचा प्रकार आणि उत्पादनाचा महिना विचारावा, आणि रंग, सनरूफ व सीटचे चामडे यांकडे नंतर पाहावे, असे माझे ठाम मत आहे.

पैशाचे गणितही आधीच स्पष्ट असलेले बरे. गाडीची किंमत दरवर्षी घसरते, तिच्या सुट्या भागांची घसरत नाही. पन्नास लाखांची गाडी बारा लाखांत मिळाली, तरी तिचा हेडलाइट, इंजेक्टर आणि गिअरबॉक्स पन्नास लाखांच्या गाडीचेच राहतात. मर्सिडीज २००९ पासून चाकणला, ऑडी शेंद्र्याला आणि बीएमडब्ल्यू २००७ पासून चेन्नईजवळ जुळवली जाते, म्हणून भाग स्वस्त मिळत असतील असा समज आहे. परंतु या कारखान्यांत मोठा वाटा आयात केलेल्या सुट्या संचांच्या जुळणीचा असतो, आणि वॉरंटी संपल्यावर हा फरक बिलात दिसतो.

आता मुख्य उदाहरण. बीएमडब्ल्यूचे एन४७ हे दोन लिटर डिझेल इंजिन २००७ ते २०१४ या काळात ३२०डी, ५२०डी, एक्स१ आणि एक्स३ अशा अनेक गाड्यांत बसवले गेले. त्याची टायमिंग चेन, म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांच्या हालचालींची वेळ जुळवणारी साखळी, इंजिनाच्या पुढच्या बाजूला नसून मागे, गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. चेन ताणली गेली किंवा तिचे प्लॅस्टिकचे मार्गदर्शक झिजले, तर ती बदलण्यासाठी गिअरबॉक्स किंवा संपूर्ण इंजिन उतरवावे लागते. भागांपेक्षा मजुरी जड जाते ती यामुळे. चेन चालत्या गाडीत तुटली तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि मग अनेकदा दुरुस्तीचा प्रश्न उरत नाही, इंजिनच बदलावे लागते. २०११ च्या सुमारास या भागांत सुधारणा झाल्या, त्यामुळे त्यानंतरच्या गाड्यांचा धोका कमी मानला जातो, पण तो शून्य झाला असे कोणी सांगू नये.

मागच्या बाजूला चेन असणे ही एकट्या बीएमडब्ल्यूची गोष्ट नाही. मर्सिडीजच्या सी२२० आणि ई२५० सीडीआयमधल्या ओएम६५१ डिझेलमध्येही ती मागेच आहे. मात्र त्या इंजिनाच्या सुरुवातीच्या काळात जास्त गाजले ते पिएझो इंजेक्टरचे, म्हणजे विजेच्या इशाऱ्यावर डिझेल फवारणाऱ्या भागांचे, बिघाड. जुन्या सी२०० पेट्रोलमधल्या एम२७१ इंजिनात चेन आणि कॅमशाफ्टची समायोजक चाके झिजतात. ऑडी ए४ च्या ईए८८८ टर्बो पेट्रोलमध्ये, विशेषतः २००८ ते २०१२ च्या दरम्यानच्या गाड्यांत, पिस्टन रिंगांमुळे तेल जळण्याची आणि चेन ताणून धरणाऱ्या टेन्शनरची अशा दोन तक्रारी जगभर नोंदल्या गेल्या आहेत. अशी गाडी पाहताना दोन सर्व्हिसच्या मध्ये किती तेल वरून घालावे लागते, हे मालकाला थेट विचारावे आणि उत्तर बिलांशी ताडून पाहावे.

सदस्यांनी आपापल्या माहितीची भर घालावी, ही विनंती.

गॅरेज_नाशिक

चांगला विषय मांडला आहे. मी याच व्यवसायात आहे, म्हणून तपासणीच्या पद्धतीबद्दल लिहितो.

चेनचा आवाज थंड इंजिनावर सर्वांत स्पष्ट ऐकू येतो. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचे पहिले काही सेकंद फार मोलाचे असतात, कारण तेलाचा दाब पूर्ण चढेपर्यंत सैल चेन खडखडते आणि दाब आला की गप्प होते. आपण पोहोचण्याआधीच विक्रेत्याने गाडी सुरू करून ठेवली असेल, तर बॉनेटला हात लावल्याबरोबर ते कळते. अशा वेळी वाद न घालता दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा येतो असे सांगावे. दोनदा तसेच घडले, तर ती गाडी सोडून द्यावी.

दुसरी गोष्ट स्कॅनरची. गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड वाचणारा, बाजारात मिळणारा स्वस्त ओबीडी स्कॅनर केवळ प्रदूषणाशी संबंधित सामान्य कोड दाखवतो. या गाड्यांत एअरबॅग, सस्पेन्शन, गिअरबॉक्स, दरवाजे, सीट अशा प्रत्येकासाठी वेगळा संगणक असतो आणि तो वाचण्यासाठी त्या-त्या कंपनीची प्रणाली लागते: बीएमडब्ल्यूसाठी इस्टा, मर्सिडीजसाठी झेंट्री, ऑडीसाठी ओडिस किंवा व्हीसीडीएस. एकही कोड न दिसणारी जुनी गाडी मला जास्त संशयास्पद वाटते, कारण कोड दाखवण्याच्या आदल्या दिवशी पुसलेले असू शकतात. ते ओळखण्याचा मार्ग असा की, कोड पुसल्यावर गाडीच्या अंतर्गत स्वयंचाचण्याही ‘अपूर्ण’ अवस्थेत जातात आणि त्या पूर्ण व्हायला बरेच चालवावे लागते. त्या अपूर्ण असतील, तर कोड कधी आणि का पुसले हे विक्रेत्याने सांगायला हवे.

किलोमीटर मागे फिरवण्याची चलाखीही याच तपासणीत उघडी पडते. आकडा केवळ मीटरमध्ये नसतो, तो इतर अनेक संगणकांत आणि काही गाड्यांत चावीतही साठवलेला असतो. मीटर बदलणारा माणूस सगळ्या ठिकाणी पोहोचत नाही.

गिअरबॉक्सबद्दल एक सांगतो. झेडएफ या गिअरबॉक्स बनवणाऱ्या कंपनीच्या आठ गिअरच्या ऑटोमॅटिकमधले तेल आयुष्यभर पुरते असे अनेक मालकांना शोरूममध्ये सांगितलेले असते. प्रत्यक्षात झेडएफ कंपनी स्वतः साधारण ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा ८ वर्षांनी ते बदलायला सांगते. सव्वा लाख किलोमीटर झालेल्या गाडीत हे काम झाल्याची पावती नसेल, तर तो खर्च आपल्या माथी आहे असे धरून किंमत ठरवावी. गिअरबॉक्स स्वतः मात्र अतिशय भक्कम आहे, त्याचे नाव ऐकून घाबरण्याचे कारण नाही.

ठाणेकर_नवा

मी ऑडी ए३ सेदान, १.८ पेट्रोल, २०१५ ची, पाहत आहे. चालवली तेव्हा उत्तम वाटली. पहिला मालक आहे, गाडी ठाण्यातलीच आहे. वरील चर्चेच्या दृष्टीने या गाडीत काय पाहावे?

सारथी_पुणे

ठाणेकर, या गाडीत इंजिनाइतकेच लक्ष गिअरबॉक्सकडे द्यावे. तुमच्या १.८ पेट्रोलमध्ये सात गिअरचा, कोरड्या क्लचचा डीक्यू२०० हा ड्युअल क्लच, म्हणजे दोन क्लचचा, गिअरबॉक्स आहे. त्याच ए३ च्या २.० डिझेलमध्ये सहा गिअरचा, तेलात बुडालेल्या क्लचचा गिअरबॉक्स येतो आणि तो अधिक सोशिक आहे. कोरडे क्लच थंड व्हायला केवळ हवेवर अवलंबून असतात. घोडबंदर रस्त्यावरच्या संध्याकाळच्या गर्दीत गाडी सतत इंचाइंचाने पुढे सरकते, तेव्हा ते अर्धवट पकडीत राहून तापतात आणि झिजतात.

त्याहून मोठा खर्च मेकाट्रॉनिक या भागाचा असतो. गिअर बदलणारी हायड्रॉलिक यंत्रणा आणि तिचा संगणक यांचा तो एकत्र संच असतो. त्यातल्या दाबसंचयकाच्या जागी तडा जाऊन दाब टिकेनासा होणे हा डीक्यू२०० चा ओळखीचा बिघाड आहे. तो झाला की गाडी काही गिअर सोडून देते किंवा जागची हलत नाही. २०१३ मध्ये ऑडीची मूळ कंपनी फोक्सवॅगनने जगभरातल्या सुमारे १६ लाख गाड्या या कुटुंबातल्या गिअरबॉक्सचे तेल बदलण्यासाठी परत बोलावल्या होत्या. तुमची गाडी त्यानंतरची असली, तरी झीज आणि तडा हे प्रश्न त्या मोहिमेने संपले नव्हते.

मोकळ्या रस्त्यावर चालवून यातले काही कळत नाही. गाडी पूर्ण तापू द्यावी, मग वाहतुकीत अर्धा तास हळूहळू चालवावी. पहिल्यावरून दुसऱ्या गिअरमध्ये जाताना थरथर जाणवते का, चढावर रिव्हर्स टाकल्यावर धक्का बसतो का, गिअरचे अक्षर लुकलुकते का, हे पाहावे. क्लच बदलला असल्यास त्याची तारीख आणि किलोमीटर मागावेत.

कृष्णाकाठ

सांगलीहून लिहीत आहे, म्हणून पुरात बुडालेल्या गाड्यांचा मुद्दा मांडणे मला आवश्यक वाटते. मुंबईत २६ जुलै २००५, आमच्याकडे आणि कोल्हापुरात ऑगस्ट २०१९, चिपळुणात जुलै २०२१, बंगळुरात सप्टेंबर २०२२ अशा प्रत्येक पुरानंतर विमा कंपन्यांनी निकालात काढलेल्या गाड्या लिलावात जातात, आणि त्यांतल्या काही स्वच्छ होऊन दूरच्या शहरात पुन्हा विक्रीला उभ्या राहतात. साध्या गाडीत पाणी शिरले तर नुकसान मोजता येते. आलिशान गाडीत अनेक संगणक, अँप्लिफायर आणि वायरिंगचे जोड सीटखाली, गालिच्याखाली आणि डिकीच्या खळग्यात, म्हणजे सर्वांत खालच्या पातळीवर बसवलेले असतात. पाणी सुकल्यावर ते काही महिने चालतात, मग एकेका जोडात हिरवट गंज धरतो आणि रोज नवा बिघाड दिसू लागतो, जो कोणालाही एका जागी सापडत नाही.

वास आणि स्वच्छता यांवर विश्वास ठेवू नये, कारण पॉलिशवाले ते काम उत्तम करतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढून त्याच्या आतल्या टोकावर पाण्याची रेघ आहे का ते पाहावे. सीटची रूळपट्टी आणि तिचे बोल्ट गंजले आहेत का, डिकीतले आच्छादन उचलून खळग्याच्या कोपऱ्यात वाळलेला गाळ आहे का, हेडलाइटच्या आत धुके धरते का, हे पाहायला अवजारेही लागत नाहीत. गाडी ज्या शहरात नोंदलेली आहे तिथला पुराचा इतिहास आणि जुन्या विम्यातील दावे एकत्र ताडून पाहिले, तर बहुतेक शंका फिटतात.

घाटवाट

एअर सस्पेन्शनचा उल्लेख अजून आलेला नाही. एस-क्लास, जीएल, रेंज रोव्हर, डिस्कव्हरी या गाड्यांत स्प्रिंगच्या जागी हवेच्या रबरी पिशव्या असतात. रबर वयाने तडकते आणि आपल्याकडचा उन्हाळा त्याला साथ देतो. पिशवी किंचित गळू लागली की हवा भरणारा कंप्रेसर वारंवार चालू लागतो आणि मालकाने दुर्लक्ष केले की तोही जळतो. म्हणजे एका पिशवीचा खर्च दोन भागांचा होतो. सकाळी गाडी पाहायला गेल्यावर चारही कोपऱ्यांची उंची पाहावी. एक कोपरा खाली बसला असेल आणि इंजिन सुरू केल्यावर उठत असेल, तर उत्तर मिळाले. पिशव्या काढून साध्या स्प्रिंग बसवलेल्या गाड्याही बाजारात आहेत. ते वाईटच असते असे नाही, पण मग गाडी तिच्या मूळ गुणासाठी घेतली जात आहे असे समजू नये.

जुन्या डिस्कव्हरी आणि रेंज रोव्हर स्पोर्टमधल्या व्ही६ डिझेलबद्दल मात्र मी स्पष्ट इशारा देईन. त्या इंजिनात क्रँकशाफ्टच्या बेअरिंगचे बिघाड पुष्कळ नोंदले गेले आहेत, आणि मोठ्या दुरुस्तीसाठी अनेक कुशल मेकॅनिक बॉडीच चेसिसवरून उचलणे पसंत करतात. ज्यांच्याजवळ दुसरी गाडी नाही, त्यांनी हा मार्ग धरू नये.

सरळमार्ग

चर्चेचा रोख योग्य असला, तरी थोडा असमतोल होत आहे असे मला वाटते. वर सांगितलेल्या बहुतेक बिघाडांच्या मागे लांबवलेली सर्व्हिस असते. युरोपातल्या थंड हवेसाठी ठरवलेले तेल बदलण्याचे मोठे अंतर आपल्या धुळीत आणि गर्दीत पाळले, तर चेन, टर्बो आणि व्हॉल्व्ह यांची झीज वाढणारच. ज्या मालकाने दर १०,००० किलोमीटरला किंवा वर्षाला योग्य प्रतीचे तेल बदलले आहे, त्याची १,१०,००० किलोमीटर चाललेली गाडी ही सोसायटीच्या तळघरात उभी राहिलेल्या ४०,००० च्या गाडीपेक्षा चांगली असू शकते. कमी चाललेल्या गाडीची बॅटरी अशक्त असते, रबरी सील सुकलेले असतात, टायर जुने असतात. टायरच्या कडेवरचे शेवटचे चार आकडे पाहावेत: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. रन-फ्लॅट, म्हणजे पंक्चर झाल्यावरही काही अंतर चालणाऱ्या, टायरच्या बहुतेक गाड्यांत स्टेपनी नसते, हे गावी वारंवार जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

शिवाय आलिशान गाडी म्हणजे जर्मन गाडीच, असे का धरावे? व्होल्वोचे जुने पाच सिलिंडरचे डिझेल आणि लेक्ससच्या ईएस३००एच मधली हायब्रिड यंत्रणा यांची कीर्ती टिकाऊपणासाठी आहे. लेक्ससमध्ये टर्बो नाही, कोरडे क्लच नाहीत, धुरातली काजळी अडवणारा डिझेल फिल्टर नाही. जे नाही ते बिघडत नाही. सेवाकेंद्रे कमी आहेत, ही त्यातली खरी अडचण.

सारथी_पुणे

सरळमार्ग यांच्याशी मी सहमत आहे, फक्त एक भर घालतो. एन४७ किंवा डीक्यू२०० सारख्या ठिकाणी दोष रचनेतच आहे; उत्तम निगेने तो लांबतो, नाहीसा होत नाही. अशा गाडीची किंमत ठरवताना ते काम पुढे करावे लागेल हे गृहीत धरावे.

डिझेल फिल्टरचा उल्लेख आला आहे म्हणून लिहितो. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस६ डिझेलमध्ये तो सर्रास असतो, आणि त्याआधीच्याही काही आलिशान गाड्यांत होता. त्यात साठलेली काजळी जाळण्यासाठी गाडी सलग वेगात चालावी लागते. रोज चार किलोमीटर शाळा आणि बाजार एवढाच वापर असेल, तर काजळी जळत नाही, अर्धवट प्रयत्नांत डिझेल इंजिनाच्या तेलात उतरते आणि तेल पातळ होते. डिपस्टिक असलेल्या गाडीत तेलाची पातळी कमाल खुणेच्या वर दिसली, तर हेच कारण असू शकते. असा वापर असणाऱ्यांनी पेट्रोलच घ्यावे.

बीएमडब्ल्यूच्या डिझेल गाड्यांत ईजीआर कूलरचीही, म्हणजे इंजिनात परत सोडला जाणारा धूर थंड करणाऱ्या भागाचीही, विचारणा करावी. २०१८ मध्ये दक्षिण कोरियात अनेक गाड्या पेटल्या. कूलरमधून गळलेले कूलंट काजळीत मिसळून तापल्यावर पेट घेते असे कारण समोर आले, आणि कंपनीने जगभर गाड्या परत बोलावल्या. आपल्या गाडीवर अशी मोहीम लागू होती का आणि काम झाले का, हे चेसिस क्रमांकावरून अधिकृत सेवाकेंद्रात कळते.

नोंदणी_मार्ग

दिल्लीहून स्वस्त येणाऱ्या डिझेल गाड्यांबद्दल थोडे. राष्ट्रीय हरित लवादाच्या २०१५ च्या आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या आदेशांमुळे तिथे १० वर्षांवरील डिझेल गाड्यांवर बंधने आली. त्यामुळे नऊ वर्षांच्या चांगल्या गाड्याही तिथे स्वस्तात निघू लागल्या. पण महाराष्ट्रात आणल्यावर नमुना २८ चे ना-हरकत प्रमाणपत्र, पुनर्नोंदणी आणि इथला रस्ता कर हे सर्व करावे लागते. आपल्याकडे २० लाखांवरील खाजगी डिझेल गाडीला १५ टक्के आणि कंपनीच्या नावावरील किंवा आयात गाडीला २० टक्के असा दर आहे. जुन्या गाडीला तो वयानुसार कमी होतो, तरी रक्कम मोठी असते. दिल्लीच्या किमतीत हा आकडा मिळवूनच पुण्याच्या किमतीशी तुलना करावी. कर्जाची नोंद असेल, तर बँकेचे पत्र आणि ती नोंद काढण्याचा नमुना ३५ हाती आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत.

विम्याबाबत एक चूक सर्रास होते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १५७ नुसार त्रयस्थ व्यक्तीच्या नुकसानीचे संरक्षण गाडीबरोबर नव्या मालकाकडे येते, पण १४ दिवसांच्या आत विमा कंपनीला अर्ज करून पॉलिसी स्वतःच्या नावावर करून घ्यावी लागते. तसे न केल्यास स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडतो. नो-क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जुन्या मालकाचा असतो, तो गाडीबरोबर येत नाही. मात्र विक्रेत्याच्या पॉलिसीवर तो किती आहे हे जरूर पाहावे: ‘एकही अपघात नाही’ असे सांगणाऱ्याच्या सहा वर्षांच्या गाडीवर बोनस शून्य असेल, तर मागच्या वर्षी कशाचा दावा झाला हे विचारायला हवे.

ठाणेकर_नवा

सर्वांचे मनापासून आभार. मालकांशी बोललो. क्लच एकदा बदललेला आहे आणि बिल उपलब्ध आहे. मेकाट्रॉनिक मूळचेच आहे. रविवारी सकाळी गाडी थंड ठेवण्याचे त्यांनी मान्य केले आहे, आणि त्यानंतर ओडिस असलेल्या एका स्वतंत्र गॅरेजमध्ये नेण्यासही त्यांची हरकत नाही. त्या गॅरेजमधून नेमके काय छापून मागावे?

गॅरेज_नाशिक

सर्व संगणकांचा संपूर्ण अहवाल मागा, केवळ इंजिनाचा नको. गिअरबॉक्सच्या संगणकातून दोन्ही क्लचची उरलेली जाडी आणि क्लच किती वेळा अतितप्त झाले याची नोंद मिळते, ती दोन्ही क्लचसाठी वेगवेगळी घ्या. प्रत्येक संगणकातले किलोमीटर मीटरशी जुळतात का ते पाहा. तपासणीपूर्वी बॅटरीचा दाब मोजून घ्या, कारण अशक्त बॅटरीवर या गाड्या नसलेले दोषही दाखवतात आणि मग चांगली गाडीही वाईट ठरते. क्लचच्या बिलावर भागाचा क्रमांक आहे का तेही पाहा. नुसते ‘क्लच काम’ असे लिहिलेले असेल, तर ज्याने काम केले त्याला फोन करून संपूर्ण संच बदलला की नाही ते विचारा. अहवाल इथे टाकलात, तर क्लचचे आकडे मी पाहून सांगेन. चेसिस क्रमांक तेवढा झाकून टाका.